घरचीच

"क्रेन आधी गराजमध्ये ने," सुवर्णाताई म्हणाल्या, "आणि बाथरूममधली ती भोकाची खुर्चीपण. ती मुलगी अकराला येतेय."

लोरेटा अक्षतच्या शर्टाची बटणं लावत होती. तिनं मान वर केली नाही. "मिस सू, ती हेच बघायला येतेय ना?"

"म्हणून काय दारातच डायपरचे खोके दाखवायचे? काहीतरीच तुझं."

खरं तर हे सगळं बोलणं इंग्रजीत झालं. पण अकरा वर्षं रोज सकाळी सातला येणाऱ्या बाईचं इंग्रजी सुवर्णाताईंच्या कानात आता मराठीच होऊन उतरायचं, तेव्हा इथेही ते तसंच असू दे.

अक्षत चौतीस वर्षांचा. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि तेव्हापासून हातपाय त्याचं ऐकत नाहीत, जीभ तर मुळीच नाही. डोकं मात्र तल्लख. वर पाहिलं की हो, डोळे घट्ट मिटले की नाही. एवढ्या दोन खुणांवर त्याचं सगळं चालायचं आणि तेवढ्यावर तो आईशी तासभर भांडूही शकायचा. त्याला पलंगावरून खुर्चीत ठेवायला चाकांचं एक लोखंडी यंत्र होतं. झोळीत माणूस घ्यायचा आणि दांडा वर न्यायचा. सुवर्णाताईंचे यजमान प्रल्हाद मोटारींच्या कंपनीत डिझाइनला होते. त्यांनी पहिल्याच दिवशी त्याला क्रेन म्हटलं. ते जाऊन सहा वर्षं झाली, नाव तेच राहिलं.

अक्षतसारख्यांना नर्सिंग होममध्ये न टाकता घरीच राहता यावं म्हणून राज्य सरकार पगारी मदतनीस देतं, लोरेटा त्यांतलीच. त्या पैशांचा मोठा वाटा वॉशिंग्टनहून येतो, आणि त्याची मुदत सप्टेंबरअखेर संपत होती. तिथल्या काँग्रेसनं ती वाढवली नाही तर लोरेटाचे तास अर्धे होतील, असं पत्र एप्रिलात आलं. सुवर्णाताईंचं वय अडुसष्ट. निम्म्याच तासांच्या मदतीवर त्यांच्याच्यानं अक्षत सांभाळला जाणार नव्हता. हिशेब सरळ होता. त्यांनी खासदाराला चार ओळी लिहिल्या, मुदत वाढवा म्हणून. आणि नवल म्हणजे उत्तर आलं की ऑफिसची एक बाई घरी येऊन भेटेल.

आता पाहुणा यायचा म्हटल्यावर सुवर्णाताई थोड्याच स्वस्थ बसणार. दोन दिवस घर घासून काढलं. अक्षतला इस्त्रीचा शर्ट. खोबऱ्याच्या वड्या. डायपरचे खोके बेसमेंटमध्ये, क्रेन गराजमध्ये. लोरेटानं सवयीनं सरकारी तासांची हजेरी लावायला फोन काढला, तर तिला सांगितलं, "ती असताना तेवढं फोनवर टकटक करू नकोस हं, बरं नाही दिसत."

अकराला बेल वाजली. दारात तिशीतली मुलगी, काखेत वही.

"नमस्कार काकू, मी नीना. माझं मराठी थोडं रस्टी आहे, सॉरी."

"अगं, मराठी? छान बोलतेस की. आई कुठली तुझी?"

"नाशिक. आता ट्रॉयला असतात."

झालं. त्या क्षणापासून ती खासदाराची माणूस राहिली नाही, कुणाची तरी लेक झाली. "काकू, मला फक्त ट्वेंटी मिनिट्स आहेत," असं तिनं दोनदा सांगून पाहिलं. त्यातली बारा उपम्यात आणि वड्यांत गेली. मग तिनं वही उघडली.

"ओके काकू, मला सांगा, डे टू डे तुम्ही कसं मॅनेज करता?"

"छान चाललंय गं आमचं," सुवर्णाताई म्हणाल्या. तीस वर्षं मंडळाच्या प्रत्येक गणपतीत, प्रत्येक हळदीकुंकवाला लोकांनी हेच विचारलं होतं आणि त्यांनी हेच उत्तर दिलं होतं. जीभ आपली आपणच चालली. "अक्षत एकदम मजेत असतो. त्याचा म्हणून काही त्रास नाही."

अक्षतनं डोळे घट्ट मिटले.

"ओह, ही इज टायर्ड," नीना हळूच म्हणाली.

"हो, लवकर उठतो ना तो," सुवर्णाताई म्हणाल्या आणि त्याची कॉलर सारखी केली. तो थकलेला नव्हता. नाही म्हणत होता. आईला ते कळलं नाही असं कसं होईल?

तेवढ्यात लोरेटा चहा घेऊन आली. नीनानं विचारलं, "अँड धिस इज?"

"ही आमची लोरेटा. घरचीच आहे. शी इज फॅमिली."

आपल्यात याहून मोठं सर्टिफिकेट नाही, आणि सुवर्णाताईंनी ते अगदी मनापासून दिलं. लोरेटानं चहा ठेवला आणि आत गेली. नीना वहीत लिहीत राहिली. सुवर्णाताईंची सगळी नोकरी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये गेलेली. डॉक्टरांची अक्षरं त्यांनी उलटीसुलटी कशीही वाचली होती, समोरच्या टेबलावरची वही काय चीज. कुटुंब खंबीर. काळजी घरचेच घेतात. त्यांनी वाचलं. वाचूनही नीनाच्या हातात वड्यांचा डबा दिला आणि आईला नमस्कार सांग म्हणाल्या.

"काकू, यू आर अमेझिंग," नीना बूट घालता घालता म्हणाली. "मी बॉसला सांगीन, असं इतकं छान मॅनेज करणारी घरंपण आहेत."

दार लागलं. लोरेटा हॉलमध्ये येऊन उभी राहिली.

"मला घरची म्हणालीस."

"मग? आहेसच तू."

"घरचे फुकट करतात, मिस सू. तिनं तेच लिहिलं असणार." तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर सुवर्णाताईंना उत्तर द्यायला सोपं गेलं असतं. "तुझा माझ्यावर जीव आहे, मला माहीत आहे. पण हे माझं काम आहे. मी ते शिकलेय. अकरा वर्षांत माझ्या हाताखाली या पोराची पाठ एकदाही फुटली नाही, ती काही मायेनं नाही. दर दोन तासांनी त्याला हलवते म्हणून. आज क्रेनबरोबर मलाही गराजमध्ये ठेवलंस तू."

पाठ एकदाच फुटली होती. प्रल्हाद गेले त्या हिवाळ्यात सुवर्णाताई ड्राइव्हवेवर घसरून पडल्या, खांदा मोडला, आणि लोरेटा एकटी रात्रंदिवस पुरी पडेना म्हणून अक्षतला नऊ आठवडे नर्सिंग होममध्ये ठेवावं लागलं. तिथे वेळेवर कूस बदलायला माणसं नव्हती. परत आला तो कमरेवर जखम घेऊन, हाड दिसेल इतकी खोल. मंडळात त्यांनी सांगितलं की तो एका रिहॅब प्रोग्रॅमला गेलाय. एकीनं तर अभिनंदनही केलं होतं.

त्या अक्षतच्या खुर्चीसमोर स्टूल ओढून बसल्या. आता मराठी खरंच मराठी होतं.

"चुकलं माझं. तिला परत बोलावू?"

अक्षतनं वर पाहिलं.

"आणि सगळं दाखवू? खरंखुरं? पाठसुद्धा?"

याला मात्र त्यानं वेळ घेतला. खिडकीबाहेर पाहिलं. शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र चालू होतं ते बंद होईपर्यंत पाहत राहिला. परक्या मुलीसमोर उघडं व्हायचं होतं ते त्याला, आईला नव्हे. मग त्यानं आईकडे पाहिलं आणि नजर वर नेली. सुवर्णाताईंना रडू आलं आणि लाजही वाटली.

नीनाला फोन केला, तर ती फार्मिंग्टनला पोचली होती. "काकू, एनीथिंग राँग?"

"मी तुला खोटं सांगितलं. चार वाजता ये. उपमा नाही मिळणार."

लोरेटाची वेळ दोनला संपायची. मी थांबते म्हणाली, तर सुवर्णाताई नको म्हणाल्या. तू नसलीस की काय होतं, तेच तिला बघू दे. गराजमधून क्रेन त्यांनी स्वतः ओढत आणली. उंबऱ्यात चाक अडकलं, तिथेच पाच मिनिटं गेली.

चारला नीना आली ती अक्षतच्या खोलीच्या दारात उभी राहिली. सुवर्णाताईंनी अक्षतच्या अंगाखाली झोळी सरकवायला घेतली. त्यांचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणून हुक उजव्या हातानं लावायचे आणि डाव्या बाजूला जाऊन पुन्हा उजव्याच हातानं लावायचे.

"मदत करू का काकू?"

"नको. बघ."

अक्षत झोळीतून वर गेला, हवेत थोडा हेलकावला आणि पलंगावर उतरला. सुवर्णाताईंना दम लागला होता. त्यांनी त्याला कुशीवर वळवलं, कपडे बदलले, पुसलं, आणि शर्ट वर करून कमरेवरचा तो खळगा दाखवला. कातडी तिथे चकाकत होती. नऊ आठवड्यांची गोष्ट त्यांनी तिथेच उभ्या उभ्या सांगितली, मंडळाला काय सांगितलं तेही. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगितली. या सगळ्याला पाऊण तास लागला आणि नीनानं वही उघडली नाही.

"हे दिवसातून पाच वेळा," सुवर्णाताई म्हणाल्या. "मला एकदा जमतं. दुसऱ्यांदा हात थरथरतो. लोरेटा घरची नाही. ती पगारी आहे, शिकलेली आहे. तिचे तास अर्धे झाले तर हा पुन्हा तिथे जाईल, आणि या खेपेला मी त्याला परत आणू शकणार नाही."

हे वाक्य त्या अक्षतसमोर कधी बोलल्या नव्हत्या. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याचे डोळे उघडे होते का मिटलेले, ते त्यांना दिसत नव्हतं.

"काकू," नीना म्हणाली, "मी सगळं रिपोर्ट करीन. पण बॉस कसं व्होट करतील, आय कान्ट प्रॉमिस."

"प्रॉमिस नको. सकाळचं तेवढं खोड."

नीनानं भिंतीला वही टेकवून दोन्ही ओळी खोडल्या. "लोरेटाचं फुल नेम काय?"

सुवर्णाताईंनी सांगितलं. तिला चहासुद्धा विचारला नाही, हे त्यांना ती गेल्यावर आठवलं.

दुसऱ्या दिवशी सातला लोरेटा आली. हॉलमध्ये सोफ्याच्या बरोबर समोर क्रेन उभी होती.

"काय सांगितलंस तिला?"

"तू घरची नाहीस म्हणून सांगितलं."

"बरं केलंस," लोरेटा म्हणाली. तिनं कोट काढून खुंटीला लावला आणि क्रेनच्या दांड्याला हात घातला. "ही गराजमध्ये नेऊ? शनिवारी तुझ्या मंडळाच्या बायका येणार ना?"

"असू दे तिथेच. येतील त्या वळसा घालून."

आतून अक्षतनं घसा खाकरून आवाज दिला. लोरेटानं फोन काढला, हॉलच्या मधोमध उभं राहून हजेरी लावली, सात वाजून चार मिनिटं, आणि त्याच्या खोलीत गेली. मे महिना चालू होता. सप्टेंबर यायला अजून अवकाश होता.