मडगार्डवर बसलेला माणूस

सकाळचा चहा झाला आणि सासूबाईंनी दूध, साखर दोन्ही कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली कमरेला. थोरली सून समोरच भांडी विसळत होती. तिने पाहिलं, आणि तिने पाहिलं हे सासूबाईंनीही पाहिलं. सुनेचा नवरा गेल्यापासून त्या घरात असंच चाललं होतं. बाई विधवा झाली की आपण तिची पहिली चौकशी कोणती करतो? जेवलीस का, झोप लागते का, ही नव्हे. हिच्या मनात काय शिजतंय, ही! जणू नवरा मेला हा हिचाच काहीतरी डाव.

नवरा मालकाच्या ट्रॅक्टरवर हमाल होता. पोती भरायची, पोती उतरवायची. ट्रॉली गच्च भरली की हमालाने बसायचं कुठे? तर मोठ्या चाकावरच्या मडगार्डवर, हाताला लागेल ते धरून. सगळेच बसतात, म्हणून त्यात कोणाला गैर वाटत नाही. त्या दिवशी ट्रॅक्टर मालकाचा मुलगा चालवत होता, एक हात स्टिअरिंगवर आणि दुसऱ्यात मोबाइल. कालव्याच्या वळणावर भरल्या ट्रॉलीने मागून रेटलं आणि ट्रॅक्टर कलंडला. मुलाच्या कोपराला खरचटलं. हमाल जागच्या जागी गेला.

मालकाच्या मुलाकडे लायसन्स नव्हतं. म्हणजे विमा कंपनी भरपाई शेवटी मालकाच्याच खिशातून वसूल करणार, वर मुलावर खटला. मालक मोठा गोडबोल्या. तो वरचेवर सांत्वनाला यायचा आणि धाकट्या दिराशी अंगणाच्या कडेला उभा राहून हळू आवाजात बोलायचा. थोड्याच दिवसांत मालकाच्या नव्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर म्हणून दीर दिसू लागला.

"वहिनी, इथे सही करा," एके दिवशी दीर म्हणाला.

"कशावर, भाऊजी?"

"भरपाईच्या अर्जावर. मालकांनीच वकील दिलाय, फीसुद्धा तेच भरणार."

"ज्यांच्याकडून भरपाई घ्यायची, तेच आपल्याला वकील देणार?"

"बघ आई! माणसं उपकार करतात, त्यातही हिला खोट दिसते."

"हा कागद कोरा आहे. काय लिहायचंय ते लिहून आणा. वाचते, मग करते."

सासूबाई उसळल्या. "कळतं हो सगळं! पैसे एकटीच्या हातात पडले की पोरीला घेऊन माहेरी पसार व्हायचंय हिला. मग मी बसते हात चोळत!"

सासूबाईंनी स्वतः अशाच कोऱ्या कागदावर केव्हाच अंगठा उठवला होता. धाकट्याने सांगितलं, त्यांनी दिला. पोटच्या पोराला 'कशावर' म्हणून कोण विचारतं?

सून सही करेना, तेव्हा दिराने दुसरी काडी टाकली. "आई, वहिनी बाजाराला म्हणून जाते खरी. पण बाजारात कोणाला दिसत नाही."

झालं! पुढच्या बाजाराला सासूबाई गुडघेदुखी विसरून, पदर तोंडावर ओढून सुनेच्या मागे निघाल्या. सून भाजीवाल्यांना ओलांडून सरळ पुढे गेली, वळली आणि सायकलच्या दुकानावरचा जिना चढली. सापडली! आता रंगेहाथ धरायची, चारचौघांत तोंड काळं करायचं. कठडा धरून धापा टाकत त्या वर पोचल्या. दार अर्धवट उघडं होतं. आतून आवाज आला तो एका बाईचा. ती वकील होती.

"आपण दाखल केलेला तुमचा अर्ज टिकणं अवघड दिसतंय," वकीलबाई म्हणत होत्या. "मालकाचं म्हणणं, तुमच्या नवऱ्याने दारू पिऊन, न विचारता ट्रॅक्टर पळवला आणि स्वतःच उलटवला. त्याचा मुलगा तिथे नव्हताच. कोर्टाला हे पटलं, तर तुम्हाला आणि मुलीला काहीच मिळणार नाही."

"अहो, त्यांना सायकलसुद्धा धड येत नव्हती! मी चिडवायचे त्यांना."

"माझा विश्वास आहे. पण साक्षीदार तुमच्याच घरातले आहेत. एक दीर. आणि दुसऱ्या, तुमच्या सासूबाई. 'थोरला मुलगा दारुडा होता, ट्रॅक्टर असाच पळवायचा,' असं त्यांचं निवेदन आहे. खाली अंगठा."



"आईंना हे ठाऊक नसणार," सून म्हणाली. "त्या माझ्यावर उठता बसता संशय घेतात. कधी कधी वाटतं, त्या घरातलं पाणीसुद्धा पिऊ नये. पण आपल्या मुलाला त्या चोर म्हणायच्या नाहीत. कधीच नाही."

बाहेर उभ्या सासूबाईंना आत जायचं धाडस झालं नाही. आल्या तशा जिना उतरून त्या घरी गेल्या.

संध्याकाळी त्यांनी धाकट्याला गाठलं. "माझ्या अंगठ्याच्या वर काय लिहिलंस रे?"

तो आधी उडवाउडवी करत राहिला, मग चिडला. "गेलेला माणूस परत येणार आहे का? त्याला चोर म्हटलं काय आणि साव म्हटलं काय! मला कायमचं काम मिळालं. मालक वरून काही देतील, ते घरातच राहील. वहिनीच्या हातात पडले असते तर गेली असती ना पळून?"

शेवटचं वाक्य सासूबाईंचंच होतं. त्या रडल्या, मुलासाठी रडल्या आणि स्वतःच्या लाजेनेही रडल्या.

कोर्टात मालक पहिल्या बाकावर होता, कडक इस्त्रीत. शेजारी दीर; आई रडली म्हणजे मानली असं समजून त्याने सासूबाईंना साक्षीला आणलं होतं. मालकाच्या वकिलाने कागद पुढे केला.

"आजी, हा अंगठा तुमचाच ना?"

"माझाच."

"मग झालं तर."

"झालं कसं? अंगठा माझा आहे, शब्द माझे नाहीत. माझा थोरला दारू पीत नव्हता. ट्रॅक्टर त्याला चालवता येत नव्हता. तो मडगार्डवर बसायचा. चालवायचा तो ह्या मालकांचा मुलगा, अख्ख्या गावाने पाहिलंय. विचारा कोणालाही."

"आई, गप्प बस!" दीर ओरडला. शिपायाने त्याला दटावलं.

"का गप्प बसू? दोन मुलगे मला. एक ट्रॅक्टरखाली गेला, दुसरा ट्रॅक्टरवर जाऊन बसला. भरपाई माझ्या सुनेला आणि नातीला द्या. माझ्या वाट्याचं काही असेल, तर तेही त्यांनाच."

सुनेने तोंडावर हात ठेवला होता. न्यायाधीश पुढे वाकले. "आजी, मग आधी काही न विचारता अंगठा का दिलात?"

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं.

"साहेब, मी सुनेवर पाळत ठेवत होते ना. पोराकडे बघायला सवडच झाली नाही."

कोर्टात कोणी हसलं नाही. न्यायाधीशांनी लेखनिकाला सांगितलं, हे वाक्य जसंच्या तसं लिहून घ्या.