वळणाबाहेरचे अंगण

ज्याच्या हातून आपल्याला इजा होते तो वैरी असेल, तर रक्षणाचा धर्म सोपा असतो. भिंत उभारावी, दार लावावे आणि स्वस्थ निजावे. परंतु इजा करणारा वैरी नसून केवळ चुकलेला माणूस असेल, तर त्याला अडवायचे आणि अडवताना तोही जगवायचा, असे दुहेरी ओझे रक्षण करणाऱ्याच्या खांद्यावर येते. चोपड्याहून सातपुड्याच्या पायथ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर जीवरामआबांनी हे ओझे वर्षभर वाहिले, आणि ते वाहताना ते फार थकले.

आबांचे घर वळणाच्या बाहेरच्या अंगाला आहे. पूर्वी त्या रस्त्याला इतके खड्डे होते, की वळण जाणवण्याइतक्या वेगाने कोणी येतच नसे. दोन वर्षांपूर्वी गुळगुळीत डांबर झाले. रस्ता वेगवान झाला, वळण होते तसेच राहिले, आणि ज्याला ते साधले नाही तो सरळ आबांच्या अंगणात येऊ लागला. प्रथम कापसाने भरलेली पिकअप आली आणि तुळशीवृंदावनाला टेकून थांबली. मग एक दुचाकीस्वार कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या ढिगात येऊन पडला. त्याला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. पण उठून पाणी मागितल्यावर तो लहान मुलासारखा रडू लागला, आणि आबांच्या पत्नी सुनंदाबाईंनी त्याला जेवायला घालूनच पुढे पाठवले.

चैत्रात तिसरी गाडी आली. सुनंदाबाईंनी खाटेवर ज्वारीच्या पापडांसारख्या बिबड्या वाळत घातल्या होत्या. त्या खाटेच्या सावलीत त्यांची चार वर्षांची नात कामिनी रोज खेळत बसे. त्या दिवशी आईने तिला नुकतेच आंघोळीसाठी आत नेले होते. गाडी खाटेवरून गेली. कामिनीची आई दिपमाला ओरडली नाही, रडलीही नाही. दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन ती पाचोऱ्याला माहेरी निघाली. निघताना सासू-सासऱ्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, की अंगण निर्धोक होईल त्या दिवशी परत येईन. तिचे म्हणणे चूक आहे असे घरात कोणीच म्हणू शकले नाही. तिचा नवरा हेमराज दर शनिवारी पाचोऱ्याला जाई आणि सोमवारी परते. आठवड्याचे उरलेले दिवस घरात भांड्यांचा तेवढा आवाज असे.

आबांनी कचेरीत अर्ज दिले. वळणावर बाणाची पाटी लागली, आणि पुढच्याच महिन्यात तिलाच एका गाडीने आडवे केले. मग हेमराजने शेतातले मोठे काळे दगड अंगणाच्या कडेला रचायचे ठरवले. ट्रॅक्टरही सांगून आला. आबांनी त्याला थांबवले. पऱ्हाट्यांत पडलेल्या त्या माणसाचे रडणे त्यांच्या कानांतून गेले नव्हते. त्या जागी दगड असता तर तो रडायला उठलाच नसता, एवढेच ते म्हणाले.

हेमराज कधी उलट बोलत नसे. त्या दिवशी बोलला.

"आबा, तुम्हले रस्तावरला लोकनी काळजी शे. घरना लोकनी नही."

दगड मात्र रचले गेले नाहीत.

शेजारच्या ताईबाईंनी वेगळी वाट सुचवली. त्या म्हणाल्या, की सरकारच्या पाटीला कोणी भीत नाही, पण देवासमोर उर्मटातला उर्मट माणूसही गाडी हळू करतो. हे सर्वांना पटले. अनेर नदीतून एक गोल दगड आणला, त्याला शेंदूर लावला, वर निशाण उभारले आणि अंगणासमोर रस्त्याच्या कडेला श्रद्धेने त्याची स्थापना केली. आबांनी देवाला नाव दिले नव्हते. गाडीवाल्यांनीच त्याला वळणाचा मारुती म्हणायला सुरुवात केली. गाड्या खरोखर हळू होऊ लागल्या. कोणी हॉर्न वाजवून वंदन करी, कोणी नारळ ठेवून जाई. दोन महिने एकही गाडी आत आली नाही. आबांनी पाचोऱ्याला निरोप पाठवला. दिपमालाने श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी येते असे कळवले, आणि सुनंदाबाईंनी नातीसाठी पुन्हा खाटेची दोरी विणायला घेतली.

आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, एक पांढरी गाडी अगदी सावकाश वळणावर आली आणि तशीच सावकाश, जणू पाहुणी यावी तशी, अंगणात शिरली. ओट्याचा खांब मोडून ती थांबली. आतून धुळ्याच्या देवपुरातले भूपेंद्र नावाचे गृहस्थ उतरले. ते कॉलेजात शिकवत असत. लागले कोणालाच नव्हते. त्यांनी आबांसमोर हात जोडले, आणि जोडलेल्या त्या हातांकडे पाहून स्वतःच ओशाळले.

"आबा, मी फक्त नमस्कार केला हो. एका हाताने देवाला नमस्कार करू नये, असं आई सांगायची. म्हणून दोन्ही हात जोडले."

सुनंदाबाईंनी मोडलेल्या खांबाकडे पाहिले.

"भाऊ, तुमनी आई गाडी चालाडे का?"

भूपेंद्र नाही म्हणाले. त्यांनी खांब बसवून देण्याची तयारी दाखवली, चहा घेतला आणि मान खाली घालून निघून गेले. त्या संध्याकाळी सुनंदाबाई ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना न्याहाळत राहिल्या. मग त्यांनी नवऱ्याला सांगितले, की नेमक्या वळणावर बठ्ठ्यांची, म्हणजे सगळ्यांचीच, नजर देवाकडे वळते. कितीतरी जणांचा एक हात सुटतो, काहींचे दोन्ही. आजवर निभावले ते नशिबाने.

माणसे बेफिकीर होती तेव्हा ती चुकत होती. आता ती भक्तीनेच चुकत होती, आणि त्या भक्तीला वळणावर बोलावून आणणारे आबा स्वतः होते. खांब एका दिवसात बसला असता. दिपमालाला काही कळवले नसते तर ती सकाळच्या गाडीने निघाली असती, आणि दिवस मावळण्याआधी नात अंगणात धावली असती. हा मोह आबांना झाला. तो त्यांनी मनात फार वेळ ठेवला नाही. बायको येणार म्हणून त्या शनिवारी पाचोऱ्याला न गेलेल्या हेमराजला फोन लावायला सांगितला आणि सुनेला घडले ते जसेच्या तसे सांगितले; उद्या येऊ नकोस, असेही सांगितले.

मग दिपमाला म्हणाली,

"आबा, आंगन गाडीसले दी टाका. आपलाकडे घर ऱ्हाऊ द्या."

त्या अंगणात आबांच्या वडिलांनी खळे केले होते. घरातल्या तीन पिढ्यांच्या लग्नांचे मांडव तिथेच पडले होते. सारवलेल्या त्या जमिनीवर बसून आबांनी सत्तर वर्षे संध्याकाळ होताना पाहिली होती. ती चुकलेल्यांना देऊन टाकायची हे ऐकून त्यांना राग आला नाही. त्यांनी सुनेला बरे म्हटले.

देवाला हलवणे हे त्याहून कठीण ठरले. गावात कुरबूर झाली. बसलेला देव उठवणे बरे नव्हे, असे चौघांनी सांगितले. आबांनी वाद घातला नाही. त्यांनी स्नान केले, शेंदरी दगडावर अक्षता वाहिल्या आणि क्षमा मागितली. विसर्जनाच्या अक्षता वाहताना देवाला परत येण्याचे आमंत्रण द्यायची रीत आहे. सुनंदाबाई हलकेच म्हणाल्या, "'परत ये' नका म्हनू," आणि कित्येक महिन्यांनी आबा हसले. देवाला उचलून त्यांनी वळणाआधी दोनशे पावलांवर, आपल्याच शेताच्या बांधावर, कडुनिंबाखाली बसवले. तिथे रस्ता सरळ आहे. गाडी थांबवून दोन्ही हात जोडायला जागाही आहे.

मग बाप-लेकांनी अंगण नांगरले. बागेतल्या केळींच्या बुडाशी फुटलेले मुनवे काढून दाटीने पाच ओळी लावल्या आणि ठिबकची नळी ओढली. केळ कितीही वाढली तरी तिच्या खोडात लाकूड नसते, केवळ पाणी आणि सालींचे पदर असतात. जन्मभर केळी पिकवणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. रस्त्याकडचे दार बंद करून शेताच्या बाजूच्या भिंतीत नवे दार पाडले. पाहुणे जुन्या सवयीने पुढे येऊन घुटमळत आणि सुनंदाबाई आतून हाक मारून त्यांना मागे वळवीत. आबा रोज पाणी सोडत, ओळींमधून वाकून फिरत. ओट्यावरून आता रस्ता दिसत नसे आणि मावळतीही दिसत नसे.

फाल्गुनात केळी माणसाहून उंच झाल्या होत्या, तेव्हा एक मोटार वळण चुकली. दोन ओळी लोळवून ती तिसऱ्या ओळीत रुतली. चालक दार उघडून बाहेर आला. त्याच्या पांढऱ्या शर्टावर केळीचा चीक सांडला होता, आणि हे डाग आता जायचे नाहीत, असे म्हणत तो हताशपणे कापड चोळत होता. आबा त्याच्याकडे बघत उभे राहिले. डागांची चिंता करण्याइतका तो धडधाकट होता. त्याला पाणी देऊन त्यांनी पुन्हा पाचोऱ्याला फोन लावायला सांगितला. याही वेळी काही लपवायचे नव्हते.

दिपमालाने एवढेच विचारले, की गाडी ओट्यापासून किती दूर थांबली. हेमराजने ओळी सांगितल्या. दोन पडल्या, एक वाकली, दोन तशाच उभ्या आहेत.

त्या शनिवारी हेमराजला पाचोऱ्याला जावे लागले नाही. दिपमाला मुलीला घेऊन शेतातल्या पायवाटेने आली. कामिनीला नवे दार ठाऊक नव्हते. आईचा हात सोडून ती आधी बांधावर उभी राहिली, मग धावत आत गेली. आबा त्या वेळी पुढच्या बाजूला, लोळलेल्या केळींच्या जागी नवे मुनवे लावत होते. हात मातीने भरले होते, म्हणून त्यांनी सुनेला दुरूनच ये म्हटले आणि उरलेले दोन खड्डे पुरे केले.

त्या घरात निजणाऱ्यांना निर्भय झोप लाभो. आणि त्या रस्त्याने जो जो येईल, सावध वा चुकलेला, तोही आपापल्या घरी सुखरूप पोहोचो.