वाटून घेतलेली रॅम

आमच्या मजल्यावर दोन बिऱ्हाडं. एक आमचं, दुसरं विश्रामरावांचं. आमचे हे, म्हणजे सुधीर, आणि विश्रामराव या दोघांना एकट्याने काही विकत घेताच येत नाही. तांदळाचं पोतं आलं, निम्मं निम्मं. हापूसची पेटी आली, निम्मी निम्मी. गोडेतेलाचा डबा, नाशिकचे कांदे, दिवाळीचे फटाके, सगळं घाऊक भावात एकत्र आणायचं आणि जिन्यापाशी बसून वाटायचं. एकदा तर दोन स्कूटरींत मिळून एक स्टेपनी घेतलेली. आणायची हौस पुरुषांची, वाटायचं काम विश्रामरावांच्या बायकोचं, उत्तराचं. ती बाई दरवेळी डागाळलेले आंबे गुपचूप स्वतःच्या परातीत सरकवायची. मी तिला रागवायचे, ती नुसती हसायची.

आता सांगा, अशा माणसांनी कॉम्प्युटर आणायला जावं का?

आणि कॉम्प्युटर हवा होता मला! माझा टायपिंगचा क्लास आहे. डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला, आमच्याच पुढच्या खोलीत. वीस वर्षं मी मुलींच्या बोटांना वळण लावलं. पण सत्त्याण्णव साल उजाडलं आणि मुली दारातूनच विचारायला लागल्या, "बाई, कॉम्प्युटर आहे का?" नाही म्हटलं की चप्पलही न काढता परत. स्टेशनजवळ एक काचेचा क्लास निघाला होता, एसी लावून. खाडीकडून येणारी मंजुळा, कोळ्यांची पोर, माझी सगळ्यात तेज विद्यार्थिनी. तीही म्हणाली, "बाई, मेच्या सुट्टीत तुमचा कॉम्प्युटर लागला तर ठीक, नायतर मी पन तिकडेच जानार. राग नका मानू." मी कसला राग मानणार? पोर खरं तेच बोलत होती. मेची बॅच गेली की टायपरायटर भंगारात आणि मी स्वयंपाकघरात, एवढंच उरलं होतं. रात्री अंथरुणावर पडले की उरलेल्या मुली बोटांवर मोजत बसायचे.

मी कॉम्प्युटर म्हटलं मात्र, यांनी ते काम माझ्या हातातून काढूनच घेतलं. "तयार मशीन घेणारे मूर्ख असतात. असेंबल करून घ्यायचा." विश्रामराव दारातच उभे. "मग मीही घेतो, वहिनी. दोन घेतले की भाव पडतो." त्यांना कॉम्प्युटर कशाला हवा होता, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

झालं! दर रविवारी दोघांची स्वारी ठाण्याला, नौपाड्यात. मदरबोर्ड हा शब्द नवा नवा शिकलेले, त्यामुळे तोंडातून खाली उतरेना. मदरबोर्ड चांगला असला की बाकीचं सगळं जमतं म्हणे. मुलगी बघून आल्यासारखे परतायचे आणि पोहे गार होईपर्यंत खोड्या काढत बसायचे. हा बोर्ड जुन्या वळणाचा, त्याच्यावर जागा कमी, तो दिसायला बरा पण तैवानचा. बहुतेक सगळेच तैवानचे होते, हे कळायला त्यांचा एक महिना गेला. मी विचारलं, "त्यात मराठी टाइप होईल ना?" तर म्हणे, "ते नंतरचं गं."

शेवटी एक पसंत पडला. दोघांना सेम टू सेम. त्याच्यावर मेमरीच्या, म्हणजे रॅमच्या, पट्ट्या बसवायला चार खाचा होत्या, त्याचंच भारी कौतुक. "पुढेमागे वाढवता येईल," हे म्हणाले, गच्चीवर सळ्या सोडून ठेवतात त्या थाटात.

दुकानदार चांगदेव, चांगला मुलगा. त्याने बजावून सांगितलेलं, "काका, या बोर्डाला पट्ट्यांची जोडी लागते. दोन्ही एकसारख्या. एका पट्टीवर मशीन उठत नाही. तुम्हाला दोन जोड्या घ्याव्या लागतील." यावर आमच्या ह्यांनी विश्रामरावांना डोळा मारला. "खपवतोय लेकाचा." दुकानाबाहेर उसाचा रस पीत ठरलं: एक जोडी घ्यायची, एकेक पट्टी वाटून घ्यायची. खाचा चार असल्या म्हणून काय चारही भरायच्या? चांगदेव जीव तोडून सांगत राहिला आणि हे दोघं आपण कसे फसलो नाही म्हणून खुशीत घरी आले.

पाडव्याला दोन्ही घरांत पूजा. कॉम्प्युटरला हळदकुंकू, वर फूल. नारळ फुटला, पेढे वाटून झाले आणि ह्यांनी बटण दाबलं. पंखा गरगरला, आतून कायसं पीं पीं कोकललं आणि पडदा काळा तो काळाच. विश्रामरावांच्या घरातूनही तेच पीं पीं ऐकू आलं. दोन्ही घरं एकाच सुरात रडत होती! मला हसावं की डोकं आपटावं कळेना.

चांगदेव बिचारा स्कूटरवरून आला. झाकण उघडून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "काका, मी काय सांगितलं होतं?"

"मग आणखी एक जोडी दे," हे म्हणाले.

"आता ही पट्टी येत नाही. माझा शेवटचा माल होता. नवी आलीय ती लांब आहे, या खाचेत बसायची नाही. तिच्यासाठी मदरबोर्डच बदला."

मदरबोर्ड बदला! दोन महिने खपून निवडलेला? दोघांचे चेहरे असे पडले की मलाच दया आली. बदलायला दोघंही तयार होईनात, कारण आपली निवड चुकली हे आधी कोणी म्हणायचं? कल्याणपर्यंत दुकानं पालथी घातली. एकाकडेही तशी पट्टी मिळेना.

मी म्हटलं, "अहो, सोपं आहे. एकाने आपली पट्टी दुसऱ्याला द्यायची. माझी बॅच तोंडावर आलीय."

तर विश्रामराव गंभीर होऊन म्हणाले, "वहिनी, तुमच्या क्लासचं मला पटतं. पण तत्त्वाचा प्रश्न आहे. निम्मं निम्मं ठरलंय." मग त्यांनीच तोडगा काढला: सकाळी जोडी आमच्या मशीनमध्ये, संध्याकाळी त्यांच्या. आणि आमच्या ह्यांनी मान डोलावली! माझा पारा असा चढला! "रोज सकाळ-संध्याकाळ पोट फाडणार आहात का त्याचं? अहो, मुली येणार त्या चारनंतर! मी त्यांना काय तुमचं तत्त्व टाइप करायला देऊ?" मी तरातरा आत गेले आणि दोन दिवस यांच्याशी अक्षर बोलले नाही. ह्यांना वाटलं, मला चष्म्याचा नंबर वाढल्यामुळे डोकेदुखी आहे.

बॅच दुसऱ्या दिवशी सुरू व्हायची होती. मी मुलींना नाही कसं सांगायचं याची मनात जुळवाजुळव करत बसले होते. खरं सांगते, डोळ्यांत पाणी होतं. दुपारी दोघंही कामावर गेलेले. तेवढ्यात उत्तरा आली, हातात चष्म्याची डबी. डबीत कापसावर त्यांची पट्टी.

"अगं! काढलीस कशी?"

"ह्यांना घालताना बघितलेलं. दोन्ही बाजूच्या क्लिपा दाबल्या, तिरकी केली, आली हातात." मग जरा थांबून म्हणाली, "रोज पुसते मी त्यांचा कॉम्प्युटर. एक बटण दाबू देत नाहीत. तुला नाही कळायचं, उडेल, म्हणतात. चालत नाही तो आणखी उडणार कुठे, सांग!"

"विश्रामराव काय म्हणतील?"

"म्हणू देत. पण फुकट नाही देत हां मी," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडून असलं काही ऐकून मी चाट पडले. "उद्यापासून मला बॅचमध्ये घे. मागच्या बाकावर नको. मशीनवर."

आम्ही दोघींनी देवाचं नाव घेऊन झाकण काढलं. मी झाकण धरून उभी राहिले, ती आत वाकली. पट्टी कट् करून बसली. मी बटण दाबलं. पीं पीं झालंच नाही. पडद्यावर पांढरी अक्षरं सरसर चढायला लागली आणि मी उत्तराला घट्ट मिठीच मारली.

संध्याकाळी दोघं मित्र जिना चढून आले तर दार उघडं, मशीन सुरू आणि खुर्चीवर उत्तरा. आमच्या ह्यांचा चेहरा उजळला. विश्रामराव मात्र दारातच थबकले. आधी स्वतःच्या घरात डोकावून आले, मग परत आले.

"वहिनी, ही दुसरी पट्टी कुणाची?"

मी तोंड उघडलं, पण उत्तराने मला बोलूच दिलं नाही.

"माझी," ती म्हणाली.

विश्रामरावांनी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं, आमच्या ह्यांनी पंख्याकडे. एवढं बोलून झाल्यावर उत्तराची मान मात्र खाली गेली, आणि ती एका बोटाने पुढचं अक्षर शोधायला लागली.

"खाली बघायचं नाही," मी म्हटलं. "समोर बघ आणि मार."