दोन्ही नळ्या बंद

वैजयंतीच्या दोन्ही गर्भनलिका बंद आहेत असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, त्याच दुपारी आमच्या घराची पुढची-मागची दारं भिंतीत मुरून गेली. आत आम्ही तिघं होतो. मी, वैजयंती आणि माझी आई.

"हिच्या पोटातली खोट घराला लागली," आई म्हणाली.

भिंती वीतभर आत सरकल्या.

वैजयंती भाकऱ्या थापत राहिली. "जुन्या संसर्गानं नळ्या चिकटल्यात म्हणे," ती मला म्हणाली. "मला कधी काहीच जाणवलं नाही. बायकांत तो पुष्कळदा असाच गुपचूप राहतो, असं बाई म्हणाल्या. तुम्हाला कधी काही झालं होतं?"

"नाही."

कपाट माझ्या पाठीला टेकलं.

आवाज न चढवता तिनं रोज तेच विचारलं. मी रोज नाही म्हणालो. तिसऱ्या दिवशी बसायलाही जागा उरली नाही. आईचा खांदा माझ्या छातीत रुतला होता, आणि वैजयंती तिला उभ्या उभ्या घास भरवत होती. एक शीतही सांडत नव्हतं.

मग मी सांगितलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी बोअर मारायच्या गाडीवर कामाला कर्नाटकात होतो. एका बाईकडे गेलो. नंतर लघवीला जळजळ सुरू झाली. तिथल्या डॉक्टरांनी बायकोलाही गोळ्या द्यायला सांगितलं होतं. मी एकट्यानंच घेतल्या.

भिंती थांबल्या.

"सहा वर्षं मी उपास केले," ती म्हणाली. "आई, ऐकलंत?"

आईनं श्वास आत ओढून सुनेला वळायला जागा करून दिली.

वैजयंतीनं भिंतीजवळ तोंड नेलं आणि पलीकडच्या शेजारणींना सगळं मोठ्यानं सांगितलं, माझ्या नावासकट. "तुम्हीही तपासून घ्या. नवऱ्यांनाही न्या." इतकं सरळ बोलताना मी आजवर कुणालाच ऐकलं नव्हतं. लाजेनं कान तापले होते, तरी मला तिच्याकडेच बघत राहावंसं वाटत होतं.

पलीकडून शेजारच्या मालनकाकू म्हणाल्या, "पुन्हा सांग गं. इथं आम्ही बऱ्याच जणी आहोत."

तिनं पुन्हा सांगितलं. मग खांदा पुढे घालून ती भिंतीतून निघून गेली. तिचा पदर धरून आईही गेली. मी गेलो, तर कपाळ आपटलं.

"आता तुम्ही सांगा," पलीकडून वैजयंती म्हणाली. "सगळ्यांना ऐकू जाईल असं."

मी तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. मागची भिंत पाठीला लागली, आणि समोरच्या भिंतीतून वैजयंतीचा हात कोपरापर्यंत आत आला, तळवा उघडा.