पहिल्या पायरीवरची सही

बुधवारी तिसऱ्या तासाला संयोगिताबाईंनी नववीच्या फळ्यावर पाच पायऱ्या काढल्या. विषय त्यांचा विज्ञान. इतिहासाचे शिक्षक रजेवर असल्याने जर्मनीतील ज्यूंचा धडा त्यांच्याकडे आला होता. १९३३, ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार. १९३५, नागरिकत्व काढून घेणारा कायदा. १९३८, दुकाने फोडली, प्रार्थनास्थळे जाळली. १९४१, कपड्यांवर पिवळ्या ताऱ्याची सक्ती. शेवटी मृत्युछावण्या; साठ लाख खून.

“एक पायरी आली म्हणजे पुढची येतेच, असे विज्ञान म्हणत नाही,” त्या म्हणाल्या. “पण पहिली नसती, तर पाचवी झाली नसती.”

“मॅडम, पयल्या पायरीला शेजारी गप का बसलं?” शिवतेजने विचारले.

“काहींना ते किरकोळ वाटले. काहींना वाईटपणा घ्यायचा नव्हता.”

मागच्या बाकावरचा जयराज हसला. “मग आपल्या जत्रंचं काय? बशीरचाचांचं बांगड्यांचं दुकान औंदा लागणार न्हाई. आपल्या माणसांनाच जागा, असा ठराव झालाय.”

बशीर मणेरांची मुलगी मिस्बाह वहीत पायऱ्या उतरवून घेत होती. तिचा हात थांबला नाही.

पंधरा दिवसांपूर्वी जत्रा कमिटीचे लालासाहेब त्या ठरावाचा कागद घेऊन बाईंच्या दारात आले होते. “आवं मॅडम, निस्ती सही. समद्यांनी केलीया.” न वाचता सही केली, असे म्हणण्याचीही सोय नव्हती. त्यांनी कागद दोनदा वाचला होता. ‘आपल्या’ या शब्दापाशी अडखळल्याही होत्या. त्यांच्या लग्नाचा चुडा बशीरच्या आईने, अख्तरबींनी भरला होता आणि रिवाजाप्रमाणे त्या अख्तरबींच्या पाया पडल्या होत्या. हे सारे ठाऊक असताना त्यांनी सही केली, कारण लालासाहेब दारात उभे होते आणि गॅसवर दूध होते.

“त्या ठरावावर माझी सही आहे,” त्या वर्गाला म्हणाल्या.

“म्हाईत हाय, मॅडम,” मिस्बाह वहीकडे बघतच म्हणाली. “पारावर लावलाय कागद. अब्बांनी पयलं तुमचंच नाव शोधलं. म्हणलं, मॅडमची सही नसंल.”

मधल्या सुट्टीत बाई पारावर गेल्या. आपली सही खोडून त्यांनी खाली लिहिले : वाचून केली होती.

“एक नाव खोडून काय हुतंय?” पारावर बसलेले लालासाहेब म्हणाले. “ठराव झालाय की.”

“म्हणूनच शुक्रवारच्या बैठकीत तो रद्द करायची सूचना मांडणार आहे.”

“बैठकीला बायका येत न्हाईत, मॅडम.”

“हो. मीही आजवर आले नाही,” बाई म्हणाल्या, आणि बैठकीची वेळ विचारून घेतली.