शर्करानाथांची शिळा आणि दोन जावा

शाहूपुरीतल्या मंगल कार्यालयात चपला काढायलाही जागा नव्हती. व्यासपीठावर निखाऱ्यांवर काळी फरशी तापत होती आणि शेजारी मधुमेह घालवणारे शर्करानाथ महाराज पंख्याखाली गार बसले होते.

"साखर जळली की चटका मरतो!" महाराज गरजले. "भक्ती पक्की, त्याला शिळा गार! या माउली, साखर किती वर्षांची?"

आमच्या शेजारच्या शालूबाई "औंदाच निघालीय" म्हणत चढल्या आणि "आई गं!" म्हणत उतरल्या. "भक्ती कच्ची," महाराज म्हणाले. शालूबाईंची थोरली जाऊ आक्काताई, साखर वीस वर्षांची, फरशीवर निवांत उभी राहिली. बाया पाया पडल्या. महाराजांनी हार घातला आणि गोळ्या बंद करायला सांगितल्या.

शालूबाईंचं पायापेक्षा काळीज जास्त भाजलं. पैठणी थोरलीला, पाटल्या थोरलीला, आता देवही थोरलीलाच!

"तिनं तळव्याला कायतरी फासलंय, भावजी. उघडं पाडणारच मी."

अंधश्रद्धा निर्मूलनामागे इतका प्रामाणिक हेतू मी पाहिला नव्हता. दोन दिवसांनी मला साक्षीदार म्हणून नेऊन त्या जावेपुढं उभ्या राहिल्या.

"आक्का, पाय दावा."

"का गं, जळतीस व्हय?"

"जळतीय की! दावा."

तळव्याला काही फासलेलं नव्हतं. फुटून चिघळलेला मोठा फोड होता आणि टाचेत बांगडीची काच रुतली होती.

"दुखत न्हाय?"

"कशाचं काय?"

शालूबाईंचा चेहरा उतरला. त्यांनीच रिक्षा थांबवली.

राजारामपुरीत डॉक्टर दीप्तींनी आक्काताईंना डोळे मिटायला लावले आणि तळव्याला नायलॉनचा ताठ दोरा वाकेपर्यंत टेकवला. "कळतंय?"

"टेकवा की आधी!"

शालूबाईंनी शिळेची हकीकत सांगितली, तसा डॉक्टरांनी दोरा खाली ठेवला. "साखर वर्षानुवर्षं चढलेली राहिली की पायाच्या नसा मरतात. चटका बसतोच, फक्त कळत नाही. म्हणून तर महाराज आधी वर्षं विचारतात. जुना आजार तो भक्त, नवा तो नास्तिक."

"पाय ऱ्हाईल न्हवं?" हे शालूबाईंनी विचारलं.

"वेळेवर आणलंत. राहील. पण मलमपट्टी, गोळ्या काही चुकवायचं नाही."

"आणि माझा मान गं?" आक्काताई रडू लागल्या.

"मान घ्या सगळा! पाय तेवढा ठेवा," शालूबाई म्हणाल्या.

तर मंडळी, चटका न बसणं हा चमत्कार नाही, आजार आहे. कुणा महाराजाच्या सांगण्यावरून गोळ्या सोडू नका, साखर तपासत राहा आणि तळवे रोज बघा. स्वतःला दिसत नसतील तर घरच्यांना दाखवा. मायेनं बघणारं कुणी नसेल तर जळणारं माणूसही चालेल. ते जास्त बारकाईनं बघतं.