जखमीची पाळी

लढाई पेटली होती तिकडं सरहद्दीवर, पण भोंगा वाजणार होता बालाघाटजवळच्या खाणीवर. विमान आलंच तर बॉम्ब मँगनीजच्या खाणीवर पडेल, असं जिल्ह्याहून आलेल्या साहेबांनी सांगितलं. म्हणून रविवारी सराव. भोंगा झाला की क्वार्टरांतल्या झाडून साऱ्या माणसांनी पळत जाऊन चरात पडायचं. कोण मागं रेंगाळतं ते साहेब नि खाणीचे मॅनेजर उभं राहून बघणार.

गोदाबाईला विमानाचं भय नव्हतं. भय होतं पळण्याचं.

तिचा नवरा महागू. उमेदीची सारी वर्षं त्यानं खाणीच्या पोटात दगडाला भोकं पाडली नि ती काळी धूळ गिळली. आता त्याची पावलं लाकडासारखी पडत. चेहरा दगडी झाला होता, आणि त्या दगडाला मधेच, कारण नसताना, हसू फुटे. मुकादम गावचाच, त्यानं महागूला फाटकापाशी स्टुलावर बसवून निभावून नेलं होतं. मॅनेजरच्या नजरेला हे आलं की काम जाणार, आणि कामामागं डोक्यावरचं छप्परही.

शेजारचा हिरालाल स्वयंसेवकांचा पुढारी. सरावात स्ट्रेचरवर निजून राहायला त्याला खोटा जखमी मिळेना. स्ट्रेचर म्हणजे तिरडीच की. जित्या माणसाला त्यावर निजवायला कुणाची बायको तयार होईल?

"हिरालालभाऊ, आमच्या यायले न्या," गोदाबाई म्हणाली.

"वहिनी, कुंकवाचं भेव नाही वाटत काय तुमाले?"

"कुंकवासाठीच तं सांगून राह्यली."

रविवारी भोंगा वाजला. बाया पोरं काखेला मारून पळाल्या, एकीनं कोंबडीही घेतली. महागू रक्त म्हणून कपाळाला लाल आलता फासून मैदानात पडून होता. त्याला स्ट्रेचरवर घेतलं तसे साहेब वाकून बघू लागले.

"वाह! मुँह पर मक्खी बैठी है, हिला तक नहीं!"

तेवढ्यात महागूला हसू फुटलं. चरातून कुणी ओरडलं, "अबे, मेलेला हसते काय!" सारा चर खदखदला. सगळ्यांत मोठ्यानं गोदाबाई हसली. हसणं भागच होतं.

"बस, हो गया," साहेब म्हणाले. "उठो भाई, चलके दिखाओ."

हिरालालनं हात दिला. महागू अर्धा उठला नि मागच्या मागं कलंडला. लोकांना वाटलं, नाटक अजून चालूच आहे. मॅनेजर मात्र दोन पावलं पुढं आले.

गोदाबाई चरातून वर चढली. लुगड्याची माती न झटकताच म्हणाली, "साहेब, बॉम्ब पडलेला माणूस पायी घरी जाते काय? सराव हाय तं पुरा करा. घरापातुर पोचवा त्यायले!"

टाळ्या पडल्या. चौघांनी महागूला वाजतगाजत उचलून आणलं. घरात पहिल्यांदाच एवढी माणसं शिरली. साहेब खूश होते.

"अगले रविवार फिर. ये भाई तो सीख गया, अब किसी और को लिटाना. इसको दौड़नेवालों में सबसे आगे रखो, बेचारे को भी मौका मिले."

"हौ," गोदाबाई म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

माणसं पांगली. तिनं चुलीवरचं तसंच उतरवलं नि नवऱ्याला परसात आणून उभं केलं. आलता गालावर ओघळला होता, तो पदरानं पुसला.

"धरा माह्या खांद्याले. डावा पाय. हौ. आता उजवा."

पुढं टाकायला उचललेलं पाऊल मागं पडलं. तिनं कमरेला घट्ट धरलं म्हणून तो पडला नाही. त्याला पुन्हा ते रिकामं हसू फुटलं, आणि थांबेना.

"हसा मंग," ती म्हणाली. "पण धावा."